बंद दाराला दुसरं कुलूप : कैरोच्या 'मदा मस्र'चं प्रकरण

ऑक्टोबर 2023 मध्ये इजिप्तच्या सर्वोच्च माध्यम नियमन परिषदेनं एका बातमी-संकेतस्थळावर सहा महिन्यांची बंदी घातली. गाझातल्या पॅलेस्टिनींना सीमेपलीकडे इजिप्तच्या सीनायमध्ये ढकललं जाण्याच्या शक्यतेबद्दल या संकेतस्थळानं लिहिलं होतं आणि ते खोटं आहे असं परिषदेचं म्हणणं होतं. इथवर अरब जगात नवं काही नाही. नवं हे, की 'मदा मस्र' नावाचं ते संकेतस्थळ इजिप्तमध्ये मे 2017 पासूनच उघडत नव्हतं. साडेसहा वर्षांपूर्वी बंद केलेल्या दाराला सरकारनं दुसरं कुलूप लावलं.

पहिली बंदी पूर्ण लागू पडली असती तर दुसरीची गरज नव्हती. मग ती फसली का? तसंही म्हणता येत नाही. तिनं जे साधलं ते कागदोपत्री बंदीपेक्षा वेगळं होतं, आणि मला वाटतं सरकारच्या दृष्टीनं पुरेसं होतं. तंत्रज्ञानानं अरब पत्रकारिता मोकळी झाली की जखडली, हा वाद 2011 च्या अरब उठावांपासून चालू आहे. त्यात सरसकट बोलण्यापेक्षा हे एक प्रकरण नीट उलगडून पाहिलं तर जास्त हाती लागतं.

जन्म एका बंद पडलेल्या अंकातून

'अल-मस्री अल-यौम' हे 2004 मध्ये निघालेलं खासगी अरबी दैनिक. त्याचं इंग्रजी भावंड 'इजिप्त इंडिपेंडंट'. एप्रिल 2013 मध्ये व्यवस्थापनानं आर्थिक कारण देऊन ते गुंडाळलं आणि संपादकीय विभाग रस्त्यावर आला. त्यातल्याच मंडळींनी, लीना अतल्लाह यांच्या संपादकत्वाखाली, 30 जून 2013 रोजी 'मदा मस्र' सुरू केलं. अरबी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत, फक्त इंटरनेटवर. कागद नाही, छापखाना नाही, मालक म्हणून कुणी उद्योगपती नाही.

तारीख लक्षात घ्या. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष मुर्सींच्या विरोधात लाखो लोक रस्त्यावर होते. तीन दिवसांनी लष्करानं मुर्सींना हटवलं. ऑगस्टमध्ये कैरोच्या रबा चौकातलं मुर्सीसमर्थकांचं धरणं गोळ्या घालून उठवलं गेलं आणि एका दिवसात शेकडो माणसं मेली. म्हणजे हे वृत्तपत्र पाळण्यात असतानाच देशाचा रंग पालटला. दूरचित्रवाणीवरचे निवेदक एका सुरात बोलायला लागले, दैनिकांचे मथळे एकमेकांसारखे दिसायला लागले. अशा वेळी भाड्याच्या जागेत बसून मोजकी माणसं लष्करी न्यायालयांबद्दल, संरक्षण खात्याच्या व्यवसायांबद्दल, तुरुंगांबद्दल लिहू शकली, याचं कारण अगदी कोरडं आहे. छपाईला आणि वितरणाला लागणारा पैसा त्यांना लागत नव्हता. सरकारी छापखान्यात अंक अडवणं हा इजिप्तमधला जुना खाक्या, पण अडवायला इथे अंकच नव्हता.

माणूस मात्र अडवता येत होता. नोव्हेंबर 2015 मध्ये 'मदा'साठी शोधवृत्तं लिहिणारे हुसाम बहगत यांना लष्करी गुप्तचर खात्यानं बोलावून घेतलं. काही लष्करी अधिकाऱ्यांवर गुपचूप चाललेल्या खटल्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं. दोन दिवस ठेवून त्यांना सोडलं.

सगळी वीज घालवण्यापेक्षा एक दिवा काढणं सोपं

2017 ची बंदी समजून घ्यायची तर 2011 कडे जावं लागतं. 27 जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे तहरीर चौकातल्या मोठ्या शुक्रवारच्या आदल्या रात्री, इजिप्तच्या इंटरनेट कंपन्यांनी काही मिनिटांच्या अवधीत जगाला दिलेले आपले पत्ते मागे घेतले. जाळ्यावरचे सुमारे 3,500 मार्ग नाहीसे झाले. 'नूर' ही एक कंपनी तेवढी आणखी काही दिवस तगली. मोबाइलही गप्प झाले. 2 फेब्रुवारीला सगळं परत आलं. ओईसीडी या संघटनेच्या अंदाजानुसार त्या पाच दिवसांत देशाला किमान 9 कोटी डॉलरचा फटका बसला. आणि लोक घरात बसले नाहीत ते नाहीतच. फोनवर काही कळेना म्हणून ते खरं काय चाललंय ते बघायला चौकात आले, असं तेव्हा बरेच जण म्हणत.

हे एवढं झटपट जमलं, कारण देशाच्या वेशीवरच्या तारा मोजक्यांच्या हातात आहेत. त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे 'टेलिकॉम इजिप्त', जिच्यात सरकारचा मोठा हिस्सा आहे. आपला संबंध इथे थेट येतो. मुंबईहून युरोपकडे जाणाऱ्या बहुतेक समुद्री केबली तांबड्या समुद्रातून वर जातात, इजिप्तची जमीन ओलांडतात आणि अलेक्झांड्रियाच्या बाजूनं भूमध्य समुद्रात उतरतात. 30 जानेवारी 2008 रोजी अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या तेव्हा भारताची परदेशी बँडविड्थ निम्म्याच्या आसपास खाली आली आणि आपल्याकडच्या आयटी कंपन्यांची तारांबळ उडाली. त्या वाटेचं भाडं इजिप्तला मिळतं. म्हणून सबंध जाळं तोडणं हा त्या देशासाठी स्वतःच्याच दुकानाला टाळं ठोकण्याचा प्रकार आहे. 2011 चा हा धडा सत्ताधारी विसरले नसावेत, असा माझा तर्क आहे. पुढच्या खेपेला त्यांनी हत्यार बदललं.

24 मे 2017 च्या रात्री सरकारी वृत्तसंस्थेनं जाहीर केलं की 21 संकेतस्थळं बंद करण्यात आली आहेत, कारण ती दहशतवादाला पाठिंबा देतात आणि खोट्या बातम्या पसरवतात. यादीत 'अल जझीरा' होतं, 'हफपोस्ट अरबी' होतं आणि 'मदा मस्र'ही होतं. कतारशी शेजाऱ्यांचं फाटण्याचे ते दिवस, त्यामुळे 'अल जझीरा'चं नाव असणार हे धरूनच चालायचं. पण कैरोत नोंदणी केलेली, कैरोतच कर भरणारी छोटी कंपनी त्या यादीत कशी? आदेश कोणी काढला, कोणत्या कायद्याखाली, त्यावर सही कोणाची, यातलं काहीही संपादकांना कळवलं गेलं नाही. त्यांनी प्रशासकीय न्यायालयात दाद मागितली. सरकारी खाती एकमेकांकडे बोट दाखवत राहिली. पुढे यादी वाढत वाढत गेली. इजिप्तमधल्या एका अभिव्यक्ती-हक्क संघटनेनं ठेवलेली नोंद 500 च्या पुढे पोचली.

वाचकाला काय दिसलं? काहीच नाही, आणि खुबी तिथेच आहे. भारतात एखादं संकेतस्थळ बंद केलं की बहुधा 'सरकारच्या आदेशानुसार' अशी पाटी झळकते. कैरोत पान नुसतं उघडायचं नाही. चाक फिरत राहायचं, मग 'जोडणी तुटली' असा ब्राउझरचा कोरा निरोप यायचा. नेहमीच्या वाचकाला आधी वाटणार की आपलंच वायफाय गेलं.

यामागची रीत पत्रकारांनी एकदा तरी समजून घ्यावी अशी आहे. पत्त्यापुढे कुलपाचं चिन्ह असलेलं संकेतस्थळ आपण उघडतो तेव्हा मजकूर गुप्त लिपीत जातो, पण 'मला अमुक संकेतस्थळाशी बोलायचंय' हे पहिलं वाक्य उघडं जातं. लिफाफा चिकटवलेला असला तरी वरचा पत्ता टपालवाल्याला वाचता येतो, तसंच. कंपनीच्या जाळ्यात बसवलेलं एक यंत्र हा पत्ता वाचतं. नाव काळ्या यादीत असेल तर ते वाचकाच्या फोनला संकेतस्थळाच्या नावानं आणि संकेतस्थळाला वाचकाच्या नावानं एक बनावट निरोप धाडतं : 'बोलणं संपलं.' दोघंही निमूटपणे फोन ठेवतात. कोणी अडवलं हे दोघांनाही कळत नाही.

टोरांटो विद्यापीठाच्या 'सिटिझन लॅब'नं मार्च 2018 मध्ये याचा माग काढला. इजिप्तमध्ये आणि तुर्कस्तानात येणाऱ्या या बनावट निरोपांवर एक बारीक खूण सारखी सापडत होती. प्रत्येक पॅकेटला, म्हणजे जाळ्यातून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याला, जो ओळख-क्रमांक असतो तो खरं तर बदलता असायला हवा, पण इथे तो दर वेळी 13330 असायचा. संशोधकांनी 'पॅकेटलॉजिक' नावाचं एक यंत्र जुन्या बाजारातून विकत आणलं, प्रयोगशाळेत चालवलं, आणि त्यातूनही तोच 13330 बाहेर पडला. यंत्र 'सँडव्हाइन' या कंपनीचं. कंपनी कॅनडात जन्मलेली, मालकी अमेरिकी गुंतवणूकदारांकडे. कंपनीनं अहवाल खोटा म्हणून झटकून टाकला. अहवालात आणखी एक गोष्ट होती, जिचं मला अजून नवल वाटतं. टेलिकॉम इजिप्तच्या जाळ्यातली हीच यंत्रं लोकांच्या कुलूप नसलेल्या पानांत जाहिराती आणि आभासी चलन खणणाऱ्या आज्ञावल्या घुसवत होती. त्यात कॉप्टिक पोपच्या, म्हणजे इजिप्तमधल्या ख्रिश्चनांच्या धर्मगुरूच्या, नावाचं संकेतस्थळसुद्धा सुटलं नव्हतं. राष्ट्रीय सुरक्षेसाठी आणलेल्या यंत्रावर कोणीतरी चार पैसे सुटे करून घेत होतं.

पळवाटा, आणि त्यात हरवलेला वाचक

'मदा'नं बंदीनंतर तोच पवित्रा घेतला जो बाकीच्यांनी घेतला, फक्त जास्त चिकाटीनं. लेख संकेतस्थळावर टाकायचा आणि सबंध मजकूर फेसबुकवरही डकवायचा. हजारो शब्दांचं शोधवृत्त फोनवर, काकांच्या वाढदिवसाच्या फोटोखाली आणि फुटबॉलच्या भांडणावर, अंगठ्यानं सरकवत वाचायचं. त्याच्या जोडीला दुसऱ्या पत्त्यांवर ठेवलेल्या हुबेहूब प्रती, ज्या एक बंद झाली की दुसरी पुढे करायची. आणि व्हीपीएन, म्हणजे जोडणी दुसरीकडून वळवून बंदी चुकवायची सोय. पण व्हीपीएन देणाऱ्यांची संकेतस्थळंही यादीत गेली, टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्याचंही तेच झालं, आणि जून 2017 मध्ये 'मीडियम' हे लेखनाचं व्यासपीठसुद्धा काही काळ बंद राहिलं.

सगळ्यात नामी पळवाट गूगलच्या एका सोयीनं दिली. मोबाइलवर पानं झटकन उघडावीत म्हणून गूगल 'एएमपी' नावाखाली बातम्यांच्या प्रती आपल्याच सर्व्हरवरून दाखवायचं. पत्ता गूगलचा, मजकूर दुसऱ्याचा. काळ्या यादीतल्या नावाशी त्याचा मेळ बसत नाही. वाचकांच्या हे ध्यानात आलं तशी ती वाट रुळली. फेब्रुवारी 2018 मध्ये इजिप्तमध्ये एएमपीच बंद झालं, म्हणजे ती सोय वापरणाऱ्या सगळ्यांचीच पानं, सरकारशी ज्यांचं काही वाकडं नव्हतं त्यांचीही.

या उंदीर-मांजराच्या खेळाच्या कथा पत्रकारांच्या संमेलनांमध्ये रंगवून सांगितल्या जातात. ऐकायला मजा येते. पण त्यात एक माणूस नेहमी सुटतो. ज्याला 'मदा' वाचायचंच होतं तो काहीही करून पोचला. जो मुद्दाम शोधत नव्हता तो कधीच पोचला नाही. पावाच्या सबसिडीबद्दल गूगलवर काहीतरी शोधणारा इस्माइलियाचा दुकानदार, परीक्षेच्या गोंधळाबद्दल माहिती हवी असलेली असयुतची विद्यार्थिनी, अशी माणसं आधी शोधाच्या वाटेनं योगायोगानं त्या पानावर येत असणार. आता त्यांना कोरं पान मिळत होतं, आणि पुढच्या दुव्यावर टिचकी मारणं हे व्हीपीएन बसवण्यापेक्षा केव्हाही सोपं. वृत्तपत्राचा वाटसरू वाचक असा तुटला. कोणत्याही वृत्तपत्राची ताकद नुसत्या निष्ठावान वाचकांत नसते. न्हाव्याच्या दुकानात दुसऱ्याचा पेपर उचलून चाळणाऱ्यातही ती असते. बंदीनं नेमका तो काढून घेतला. सरकारला याहून जास्त काही हवं होतं असं मला वाटत नाही.

याचा परिणाम लेखनावरही झाला असणार. वाटसरू गेला की झटपट बातमीला अर्थ उरत नाही, कारण ती वाचायला रांगेत कोणी नसतं. उरतो तो मुद्दाम आलेला वाचक, ज्याला खोलातलं हवं असतं. 'मदा'ची ओळख लांब शोधवृत्तं आणि ईमेलनं घरपोच जाणारी रोजची 'नशरा', म्हणजे बातमीपत्र, अशी घट्ट होत गेली. खर्चासाठी वाचक-सभासदत्वाचा मार्ग धरला गेला. इंग्रजी आवृत्तीमुळे परदेशातले वाचक, दूतावास, अभ्यासक जोडले गेले. टीकाकार म्हणतात, हे कैरोच्या उच्चभ्रूंचं पत्र झालं. आरोपात तथ्य आहे, पण लोकांत जाण्याचा रस्ता कोणी खणून ठेवला हेही त्याच वाक्यात सांगायला हवं.

दरम्यान ज्यांच्यावर बंदी नव्हती त्यांचं काय? त्यांना विकत घेतलं जात होतं. डिसेंबर 2017 मध्ये 'मदा'नंच छापलं की 'ईगल कॅपिटल' या कंपनीनं 'इजिप्शियन मीडिया ग्रुप'मधला मोठा हिस्सा घेतला आहे आणि या कंपनीमागे सर्वसाधारण गुप्तचर संस्था आहे. ओएन वाहिन्या, 'यौम अस-साबिआ' हे दैनिक असं बरंच काही त्या समूहात होतं. लेखक पुन्हा बहगतच. बातमी इजिप्तमध्ये बंद असलेल्या संकेतस्थळावर आली आणि कैरोतल्या प्रत्येक संपादक-कक्षात वाचली गेली असणार, यात मला शंका नाही. सरकारी मालकीच्या छापील पत्रांची गत आणखी निराळी. जुलै 2021 मध्ये 'अल-अहराम', 'अल-अखबार' यांच्या सायंदैनिकांचे आणि 'अल-मसा'चे कागदी अंक थांबवून त्यांना फक्त इंटरनेटवर पाठवलं गेलं. 1876 मध्ये अलेक्झांड्रियात तकला बंधूंनी 'अल-अहराम'चा पहिला अंक काढला, त्या घराण्याची संध्याकाळची आवृत्ती खर्च परवडत नाही म्हणून गेली. एकाला इंटरनेटवरून हाकललं, दुसऱ्याला इंटरनेटवर ढकललं.

वरातीमागून घोडं

बंदी आली मे 2017 मध्ये. बंदीचा कायदा आला ऑगस्ट 2018 मध्ये. 2018 चा 175 क्रमांकाचा सायबर गुन्हे कायदा तपास यंत्रणेला संकेतस्थळ बंद करण्याचा अधिकार देतो. 180 क्रमांकाच्या माध्यम कायद्यानं संकेतस्थळांना परवाना सक्तीचा केला आणि वर 5,000 पेक्षा जास्त अनुयायी असलेलं कुणाचंही वैयक्तिक खातं माध्यम म्हणून परिषदेच्या नजरेखाली आणलं. म्हणजे फेसबुकवर थोडं नाव कमावलेला दंतवैद्यही आता संपादक. पाच हजार हा आकडा कुठून आला कोण जाणे, पण कैरोसारख्या शहरात तो शाळेतल्या शिक्षकालाही गाठता येतो.

'मदा'नं या नव्या कायद्याखाली 2018 मध्येच परवान्यासाठी अर्ज केला. उत्तर आलं नाही. नाकारलाही नाही, दिलाही नाही. अर्जाचा हा लटकता धागा पुढे किती कामाचा ठरला ते पाहण्यासारखं आहे, कारण नंतरच्या प्रत्येक कारवाईत 'विनापरवाना संकेतस्थळ चालवणं' हे कलम तयारच असायचं. परवाना न देणं आणि परवाना नाही म्हणून धरणं, हे दोन्ही एकाच दरबारचं काम.

दोक्कीतली रविवारची दुपार

20 नोव्हेंबर 2019 रोजी 'मदा'नं छापलं की राष्ट्राध्यक्ष सीसींचे थोरले चिरंजीव महमूद यांना सर्वसाधारण गुप्तचर संस्थेतल्या वरच्या जागेवरून हलवून मॉस्कोला पाठवलं जाणार आहे. 23 तारखेला पहाटे साध्या वेशातली माणसं संपादक शादी ज़लत यांच्या घरी आली आणि त्यांना घेऊन गेली. 24 ला दुपारी दोक्की भागातल्या कार्यालयात तशीच माणसं शिरली. आपण कोण ते त्यांनी सांगितलं नाही. सगळ्यांचे फोन आणि लॅपटॉप काढून घेतले, कुलपं उघडायला लावली. कोणालाही तीन तास जागचं हलू दिलं नाही. त्या वेळी मुलाखतीसाठी आलेलं फ्रान्स 24 चं पथकही आत अडकलं. मग लीना अतल्लाह, मुहम्मद हमामा आणि राना ममदूह यांना दोक्कीच्या पोलीस ठाण्यात नेलं. परदेशांतून ओरड सुरू झाली होती. संध्याकाळपर्यंत तिघंही सुटले. शादी ज़लत यांना त्याच दिवशी एका महामार्गाच्या कडेला उतरवून देण्यात आलं.

हा प्रसंग मी मुद्दाम तपशिलात सांगतोय. अडीच वर्षं प्रती, पळवाटा, सर्व्हर यांत घालवल्यावर शेवटी कारवाई झाली ती दार वाजवून. जाळ्यातल्या यंत्राला जे जमलं नाही ते साध्या वेशातल्या माणसांनी एका दुपारी करून दाखवलं असतं, जर ती बातमी आधीच सगळीकडे पोचलेली नसती तर. आणि ते लोक सुटले ते तंत्रज्ञानामुळे नव्हे. त्यांना ओळखणारे संपादक, राजदूत आणि वकील त्या काही तासांत फोनवर बसले होते. संकेतस्थळाची प्रत दुसऱ्या देशात ठेवता येते. माणसांच्या प्रती काढता येत नाहीत, आणि हे कार्यालय कैरोतच राहणार हे त्यांनी ठरवलं होतं. अनेक अरब माध्यमं एव्हाना इस्तंबूल, लंडन, बर्लिनला गेली होती. त्यांना मोकळेपणा जास्त, पण बातमीचा स्रोत दूर. 'मदा'ला धोका जास्त आणि स्रोत हाकेच्या अंतरावर. महमूद यांच्याबद्दलची ती बातमी बर्लिनमध्ये बसून मिळाली असती का, याबद्दल मला दाट शंका आहे.

मे 2020 मध्ये लीना यांना पुन्हा धरलं, तुरा तुरुंगाबाहेर. कोविडमुळे भेटी बंद होत्या, आणि तेव्हा कैदेत असलेले कार्यकर्ते आला अब्देल फत्ताह यांच्या आई लैला सुएफ यांच्याशी त्या बोलत होत्या. 2,000 इजिप्शियन पौंडांच्या जामिनावर सुटल्या. 

मग आली 2022 ची केस, आणि तिच्यात या सगळ्या प्रकरणाची गाठ सापडते. 31 ऑगस्टच्या 'नशरा'त सत्तेच्या जवळच्या 'मुस्तक्बल वतन' पक्षातल्या काही बड्या मंडळींवर आर्थिक गैरव्यवहाराचा ठपका असल्याची बातमी होती. पक्षाच्या सदस्यांनी तक्रारी ठोकल्या. सप्टेंबरमध्ये लीना यांच्यासह चार पत्रकार महिलांची चौकशी झाली. बदनामी, खोटी बातमी, आणि लीना यांच्यावर जोडीला विनापरवाना संकेतस्थळ. लीना यांना 20,000 पौंड, बाकी तिघींना प्रत्येकी 5,000 पौंड जामीन. ज्या बातमीपत्राला संकेतस्थळावरच्या बंदीनं बळ दिलं, खटल्याला निमित्त नेमकं तेच. यंत्र फक्त पत्ता वाचतं, तक्रारदार मजकूर वाचतो. आणि तक्रार करण्यासाठी आधी मजकूर मिळायला हवा, म्हणजे पक्षाची माणसंही 'मदा' वाचत होतीच की!

दुसरा द्वारपाल

फेसबुकवर आसरा घेतला याचा अर्थ दार उघडणारा बदलला, दार नाहीसं झालं नाही. मे 2021 मध्ये जेरुसलेममधली शेख जर्राह ही वस्ती आणि अल-अक्सा मशीद यांच्यावरून पेटलं तेव्हा अरबीत लिहिणाऱ्या असंख्य लोकांच्या पोस्ट गायब झाल्या. इन्स्टाग्रामवर 'अल-अक्सा' हा हॅशटॅगच काही काळ अडवला गेला, कारण त्याच नावाच्या बंदी असलेल्या संघटनेशी त्याची गल्लत झाली. फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटानं स्वतःच नेमलेल्या 'बीएसआर' या सल्लागार संस्थेनं सप्टेंबर 2022 च्या अहवालात मान्य केलं की त्या काळात अरबी मजकुरावर प्रमाणाबाहेर कात्री चालली आणि अरबीच्या बोलींचा अंदाज यंत्रणेला नीट नव्हता. लोकांनी यावर काढलेला तोडगा बघत राहावा असा होता. अरबी अक्षरांवरचे नुक्ते काढून टाकून ते लिहायला लागले. बा, ता, सा ही अक्षरं नुक्त्याशिवाय एकसारखीच दिसतात. माणूस संदर्भानं वाचून जातो, यंत्र चक्रावतं. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितांत असंच लिहीत. एकविसाव्या शतकातल्या गाळणीला चकवायला लोकांनी सातव्या-आठव्या शतकातली लेखनरीत काढली.

पण नुक्ते काढून घोषणा लिहिता येते, चार हजार शब्दांचं शोधवृत्त लिहिता येत नाही. वृत्तपत्राला फेसबुकची मर्जी जशी असेल तशी पत्करावी लागते. कैरोतल्या परिषदेला निदान पत्ता आहे, तिच्यावर दावा लावता येतो. कॅलिफोर्नियातल्या यंत्रणेनं एखादा लेख कमी लोकांना दाखवला तर ते कळतही नाही. दोघांत सरकार जास्त क्रूर आहे, हे उघड आहे. पण अरब पत्रकारितेचं तंत्रज्ञानानं काय केलं असं कोणी विचारलं तर मी ही जागा दाखवेन : आधी एक द्वारपाल होता, आता दोन आहेत, आणि दुसरा तर बोलतही नाही.

त्याच यंत्राचं दुसरं काम

सप्टेंबर 2023 मध्ये सिटिझन लॅबनं आणखी एक अहवाल काढला. माजी खासदार अहमद तंतावी यांनी 2024 ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवण्याचा इरादा जाहीर केला होता. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांच्या व्होडाफोन इजिप्तच्या मोबाइल जोडणीवरून कुलूप नसलेलं एखादं संकेतस्थळ उघडलं की त्यांचा फोन मधल्यामध्ये दुसरीकडे वळवला जायचा, तिथे 'प्रिडेटर' हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर वाट पाहत असायचं. वळवणारं यंत्र? संशोधकांच्या मते पुन्हा पॅकेटलॉजिकच. बातमी अडवणारं आणि फोनमध्ये घुसण्याचा रस्ता करून देणारं यंत्र एकाच जातीचं.

पत्रकाराच्या नजरेनं हे बंदीपेक्षा भयंकर आहे. संकेतस्थळ बंद असलं तर वाचक जातो. फोन फुटला तर स्रोत जातो, आणि एकदा एक स्रोत पकडला गेला की बाकीचे दहा आपोआप गप्प होतात. त्यापासून वाचायला व्हीपीएनचा उपयोग कमी. तिथे जुनीच शिस्त लागते : फोन बाहेर ठेवून भेटणं, नाव कुठेही न लिहिणं, बोलणारा माणूस कोण ते संपादकाशिवाय कोणाला न सांगणं. नाइट फाउंडेशनच्या मदतीनं दिला जाणारा आंतरराष्ट्रीय पत्रकारिता पुरस्कार 2020 मध्ये लीना अतल्लाह यांना मिळाला, त्याच वर्षी 'टाइम'च्या शंभर प्रभावी व्यक्तींतही त्या होत्या. या मानाचा खरा फायदा कीर्तीत नसून अटकेच्या दिवशी वाजणाऱ्या फोनांच्या संख्येत आहे.

फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्यानं सँडव्हाइनला निर्बंधांच्या यादीत टाकलं आणि कारणात इजिप्तचं नाव घेतलं : बातम्या अडवणं, राजकीय कार्यकर्त्यांवर नेम धरणं. ऑक्टोबरमध्ये कंपनीनं इजिप्तमधून काढता पाय घेण्यासह बऱ्याच अटी मान्य केल्या, म्हणून नाव यादीतून निघालं. टोरांटोतल्या संशोधकांनी काढलेल्या 13330 या खुणेनं सुरू झालेली गोष्ट इथपर्यंत यायला सहा वर्षांहून जास्त काळ लागला. कंपनी निघाली म्हणून इजिप्तमधली दारं उघडली नाहीत. असं यंत्र विकणारी ती काही एकटी नव्हती, आणि 175 व 180 क्रमांकांचे कायदे जिथल्या तिथे आहेत.

कैरोत 'मदा मस्र' आजही थेट उघडत नाही. प्रती चालू आहेत, फेसबुकवर मजकूर पडतो, सकाळच्या ईमेलमध्ये नशरा येते. परवान्याच्या अर्जाला उत्तर आलेलं नाही.